माळावरचा उष्णतेचा जमाखर्च



सुट्टी लागली की चार मित्र जमवावेत, पाठीवर पिशवी टाकावी आणि दिवसभर डोंगर हिंडून यावे, अशी हौस तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. हौस चांगलीच आहे. डोंगरात पाय कणखर होतात, डोळे उघडतात आणि मैत्रीची परीक्षाही होते. या लेखात आपण अशा भटकंतीकडे पदार्थविज्ञानाच्या नजरेने पाहणार आहोत. त्यासाठी प्रथम थोडे दूर, इंग्लंडमधील एका उघड्या डोंगरमाळावर जाऊ. कारण आपल्याला ज्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे, तो प्रश्न त्या माळाने फार कठोरपणे विचारला होता.

एक ठेंगणा डोंगर

इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन मोठ्या औद्योगिक शहरांच्या मध्ये ‘पीक डिस्ट्रिक्ट’ नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. १९५१ साली ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून तो जाहीर झाला. त्यातील सर्वांत उंच डोंगराचे नाव किंडर स्काउट. त्याची उंची आहे अवघी ६३६ मीटर! आपले माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे आणि कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे हा इंग्लिश डोंगर माथेरानच्याही खांद्याला लागणारा.

किंडर स्काउटला टोकदार शिखर नाही. माथ्यावर पोहोचले की समोर मैलोगणती पसरलेला उघडा माळ दिसतो. अशा माळाला तेथे ‘मूर’ म्हणतात. त्यावर झाड जवळजवळ नाहीच. ‘हेदर’ नावाचे गुडघाभर उंचीचे झुडूप सर्वत्र पसरलेले असते आणि ऑगस्ट महिन्यात त्याच्या फुलांनी सारा माळ जांभळा होतो. पायाखाली असते काळी, स्पंजासारखी भिजलेली माती. तिला ‘पीट’ म्हणतात. थंड हवेत आणि साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मिळतो. त्यामुळे मेलेल्या वनस्पती पूर्णपणे कुजत नाहीत. अशा अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर हजारो वर्षे साचून पीट तयार होते. पावसाच्या पाण्याने त्यात खोल चर पडलेले असतात. ते चढत-उतरत जाताना चालणारा चांगलाच थकतो.

माळाच्या कडेने मात्र खडक उघडे पडले आहेत. हा खडक भरड वालुकाश्म आहे. तीस कोटी वर्षांहूनही अधिक काळापूर्वी नद्यांच्या मुखाशी जी वाळू साचली, तिचा तो बनला. वारा, पाऊस आणि हिम यांनी झिजून त्याचे गोलसर, चित्रविचित्र आकार झाले आहेत.

एके काळी या माळावर सामान्य माणसाला पाऊल टाकण्याची बंदी होती, कारण तो बड्या जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेला होता. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण बंदी मोडून किंडर स्काउटवर चढले. त्यापैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे २००० साली झालेल्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील अशा उघड्या माळांवर पायी फिरण्याचा हक्क सर्वांना मिळाला. आज दर आठवड्याला असंख्य लोक तेथे मित्रांबरोबर चालायला जातात.

माळाने विचारलेला प्रश्न

याच डोंगराळ भागात ‘फोर इन्स वॉक’ नावाची चालण्याची स्पर्धा होते. चार जुन्या पथिकगृहांवरून जाणारी ही वाट सुमारे ७० किलोमीटरची आहे. मार्च १९६४ मध्ये या स्पर्धेच्या दिवशी हवा बिघडली. थंड पाऊस आणि जोराचा वारा सुरू झाला. निघालेल्यांपैकी फारच थोडे शेवटपर्यंत पोहोचू शकले आणि तीन तरुण मरण पावले. ते विशीच्या आसपासचे, धडधाकट होते. ते कड्यावरून कोसळले नव्हते की बर्फाखाली गाडले गेले नव्हते. ओल्या कपड्यांत, वाऱ्यात, चालून चालून थकल्यावर त्यांची शरीरे गारठत गेली.

माथेरानपेक्षा कमी उंचीच्या डोंगरावर, वस्तीपासून काही मैलांवर, तरुण माणसे गारठून कशी मरतात? हाच तो प्रश्न. त्याचा शास्त्रीय शोध ज्यांनी घेतला त्यांत डॉ. ग्रिफिथ पग हे प्रमुख होते. १९५३ साली एव्हरेस्टवर यशस्वी झालेल्या मोहिमेत शरीरक्रियाशास्त्रज्ञ म्हणून ते सहभागी होते. त्यांनी या दुर्घटनेचा अभ्यास केला. नंतर प्रयोगशाळेत थंडी, वारा व पाणी यांचा मारा सोसत ओल्या कपड्यांत व्यायाम करणाऱ्या माणसांच्या शरीरातील उष्णतेची मोजमापे घेतली. त्यांच्या कामातून जे दिसले ते समजायला शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान पुरेसे आहे. आपण ते एखाद्या दुकानाच्या जमाखर्चाप्रमाणे मांडून पाहू.

जमेची बाजू

आपल्या शरीराचे आतील तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. बाहेर थंडी असो वा ऊन, शरीर ते राखण्याची धडपड करते. अन्नातून मिळणारी ऊर्जा वापरताना शरीरात उष्णता निर्माण होते; ती आपली जमा.

समजा, तुमचे वजन ५० किलोग्रॅम आहे. स्वस्थ बसलेले असताना तुमचे शरीर दर सेकंदाला सुमारे ८० ज्यूल, म्हणजे ८० वॅट, उष्णता निर्माण करते. तुम्ही भरभर चालू लागलात की हाच आकडा सुमारे ३०० वॅटपर्यंत जातो. चढण लागली की त्याहूनही वर. असे का, ते पाहा. आपले स्नायू हे एक प्रकारचे यंत्र आहे आणि त्याची कार्यक्षमता साधारणपणे पाव, म्हणजे शेकडा २५ च्या आतबाहेर असते. ३०० मीटर चढून जाण्यासाठी करावे लागणारे कार्य असे:

५० × ९.८ × ३०० = १,४७,००० ज्यूल, म्हणजे १४७ किलोज्यूल.

एवढे कार्य होण्यासाठी स्नायूंना सुमारे चौपट, म्हणजे ५८८ किलोज्यूल ऊर्जा खर्चावी लागते. उरलेल्या ४४१ किलोज्यूलची उष्णता होते. चढताना घाम का फुटतो, हे आता तुमच्या लक्षात आले असेलच.

खर्चाची बाजू

वहन, अभिसरण आणि प्रारण या उष्णता जाण्याच्या तीन वाटा तुम्हाला ठाऊक आहेत. चौथी वाट बाष्पीभवनाची. उघड्या माळावर या चारही वाटा एकदम मोकळ्या होतात.

प्रथम कपड्यांचा विचार करू. स्वेटर ऊब देतो असे आपण म्हणतो, पण स्वेटर काही उष्णता निर्माण करीत नाही. त्याच्या धाग्यांमध्ये हवा अडकून राहते. स्थिर हवा उष्णतेची अतिशय दुर्वाहक आहे. खरी ऊब त्या अडकलेल्या हवेची असते. आता कपडे भिजले की काय होते? हवेची जागा पाणी घेते. पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे २४ पट उष्णता वाहून नेते. म्हणजे अंगावर कपडा तोच राहतो, पण त्याचा उष्णतारोधक गुण बराचसा निघून जातो.

त्यात वारा आला की आणखी भर पडते. आपल्या त्वचेला आणि कपड्यांना लागून कोमट हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर सतत खरवडून नेतो आणि त्या जागी थंड हवा आणून ठेवतो. बशीतल्या चहावर आपण फुंकर घालतो, तेव्हा हेच करीत असतो. माळावर वाऱ्याला अडवायला झाड नाही, भिंत नाही. शिवाय वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला १० मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब असा:

½ × १.२ × १० × १० = ६० न्यूटन प्रति चौरस मीटर.

येथे १.२ ही हवेची घनता आहे. समोरून तुमच्या शरीराचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरले, तर वारा तुम्हाला सुमारे ३० न्यूटन बलाने मागे रेटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हे बल चौपट, म्हणजे १२० न्यूटन होते. साधारण १२ किलोग्रॅम वजन उचलायला लागते तेवढे हे बल! वाऱ्याविरुद्ध चालणारा लवकर का थकतो, याचे उत्तर येथे मिळते.

आता बाष्पीभवन. उन्हाळ्यात माठातले पाणी गार कसे होते? माठाच्या अंगातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता माठातील पाण्याकडून घेतली जाते. ओले कपडे घालून वाऱ्यात उभा राहिलेला मुलगा म्हणजे एक चालता-बोलता माठच! त्वचेजवळील तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. तिचा काही भाग हवेकडून मिळतो हे खरे, पण मोठा वाटा शरीरालाच भरावा लागतो.

एका तासाचा हिशेब

आता वही उघडू. खालील आकडे सोपे व्हावेत म्हणून ठोकळमानाने घेतले आहेत, पण त्यांतून बोध नेमका होतो.

तुम्ही चिंब भिजला आहात. हवेचे तापमान ५ अंशांच्या जवळपास आहे आणि वारा वाहत आहे. समजा, एका तासात तुमच्या कपड्यांतील २५० ग्रॅम पाण्याची वाफ झाली. त्यापायी गेलेली उष्णता:

२५० × २.४ = ६०० किलोज्यूल.

वहन, अभिसरण, प्रारण आणि श्वास यांच्यावाटे आणखी ४०० किलोज्यूल गेली असे धरू. एकूण खर्च १,००० किलोज्यूल. मुसळधार पावसात हवा बाष्पाने भरलेली असते, तेव्हा बाष्पीभवन कमी होईल. पण मग थंड पाण्याचा मारा वाढेल आणि दुसरा आकडा फुगेल. बेरीज फारशी उतरत नाही.

आता जमा पाहू.

चालत राहिलात तर: ३०० × ३,६०० = १०,८०,००० ज्यूल, म्हणजे १,०८० किलोज्यूल.

बसून राहिलात तर: ८० × ३,६०० = २,८८,००० ज्यूल, म्हणजे २८८ किलोज्यूल.

चालणाऱ्याचा हिशेब जेमतेम जुळतो. शिल्लक ८० किलोज्यूल. बसलेल्याला मात्र तासाला ७१२ किलोज्यूलची तूट येते. ही तूट भरायची कोठून? शरीर आपल्या साठ्यातील उष्णता देऊ लागते, म्हणजेच त्याचे तापमान उतरू लागते. शरीराचा विशिष्ट उष्मा एका किलोग्रॅमला एका अंशामागे सुमारे ३.५ किलोज्यूल धरला, तर ५० किलोग्रॅमच्या शरीराचे तापमान एक अंशाने उतरण्यासाठी १७५ किलोज्यूल उष्णता जावी लागते. आतील तापमान ३७ वरून ३५ अंशांच्या खाली गेले की त्या अवस्थेला डॉक्टर ‘हायपोथर्मिया’ म्हणतात. तेथवर पोहोचायला फक्त ३५० किलोज्यूलची तूट पुरे होते. वरच्या हिशेबाने, बसून राहिलेल्या मुलाला त्यासाठी अर्धा तास लागेल!

प्रत्यक्षात शरीर इतक्या सहज हार मानत नाही. ते त्वचेकडे जाणारे रक्त कमी करते. त्यामुळे बोटे पांढरी पडतात, पण आतली ऊब राखली जाते. शिवाय हुडहुडी भरते. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी केवळ उष्णतेसाठी केलेली हालचाल. तिच्यामुळे बसल्या जागी तिप्पट उष्णता निर्माण झाली असे धरले तर जमा २८८ × ३ = ८६४ किलोज्यूल होते. तूट उरते १३६. आता दोन अंश उतरायला अर्ध्या तासाऐवजी अडीच तासांहून अधिक वेळ लागेल. हुडहुडी ही आपली मित्रच आहे, शत्रू नव्हे.

पण हुडहुडीलाही सरपण लागते. सकाळपासून न खाता चाललेल्या माणसाच्या स्नायूंतील साखरेचा साठा संपत आलेला असतो. त्याला धड चालता येत नाही आणि हुडहुडीही टिकत नाही. पग यांच्या अभ्यासातील मुख्य मुद्दा हाच होता. ओले कपडे आणि वारा असूनही जोवर माणूस पुरेशा जोमाने चालत असतो तोवर त्याचे तापमान टिकते; थकून त्याचा वेग मंदावला की जमा घटते, खर्च मात्र तेवढाच राहतो. ओल, वारा आणि थकवा ही तिन्ही एकत्र आली की डोंगर किती उंच आहे याला फारसे महत्त्व उरत नाही.

मित्रांची रांग

आता या जमाखर्चाचा मित्रांशी काय संबंध, ते पाहू. चार जण माळावरून चालले आहेत. दोघे दणकट आहेत, एक मध्यम आणि एक हळू चालणारा. दणकट दोघे झपाझप पुढे जातात आणि दूरच्या खडकापाशी थांबतात. पंधरा-वीस मिनिटांनी हळू चालणारा धापा टाकीत तेथे पोहोचतो. तो आलेला दिसताच पुढचे दोघे म्हणतात, “आला रे आला, चला आता!” आणि सगळे निघतात.

यात कोणाचे काय झाले? पुढच्या दोघांना विश्रांती मिळाली, पण घामाने भिजलेल्या कपड्यांत वाऱ्यात उभे राहिल्यामुळे त्यांच्या खात्यात तूट आली. मागच्याला विश्रांती मुळीच मिळाली नाही. ज्याला तिची सर्वांत अधिक गरज होती, नेमका तोच तिला मुकला. असे चार-पाच वेळा झाले की त्याचा वेग आणखी मंदावतो, पुढच्यांचे थांबणे आणखी लांबते आणि दोन्हीकडची तूट वाढत जाते.

म्हणून डोंगरातला जुना नियम असा की रांगेचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवावा. हा नियम नुसत्या भलेपणाचा आहे असे समजू नका. सगळ्यांनी संथ पण सतत चालत राहणे, मध्ये एकत्र थांबणे, एकत्र खाणे आणि एकत्रच निघणे, यात चौघांचाही हिशेब जुळतो. हळू चालणाऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या जागी ठेवावे, अनुभवी गड्याने शेवटी राहावे आणि पुढच्याने अधूनमधून मागे वळून डोकी मोजावीत.

वेळेचा अंदाजही असाच आधी करावा. स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक सोपा नियम दिला. मेट्रिक मापांत तो असा: दर ५ किलोमीटर अंतरासाठी एक तास आणि दर ६०० मीटर चढणीसाठी आणखी एक तास. समजा, वाट १५ किलोमीटरची आहे आणि एकूण चढण ४५० मीटर आहे. तर लागणारा वेळ ३ तास अधिक पाऊण तास, म्हणजे पावणेचार तास. पण हा अंदाज सराईत माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. नवखे मित्र बरोबर असतील तर दीडपट वेळ धरावा आणि तेवढा दिवस हातात आहे की नाही ते पाहावे. किंडर स्काउटच्या अक्षांशावर डिसेंबरच्या मध्याला दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो. आपल्याकडे तो अकरा तासांच्या आसपास असतो, एवढे आपण भाग्यवान.

खुणा आणि उपाय

गारठणाऱ्या माणसाला आपण गारठत आहोत हे अनेकदा कळत नाही, कारण थंडीचा परिणाम मेंदूवरही होतो. “मला काही झालेलं नाही, तुम्ही व्हा पुढे,” असे तो चिडून म्हणेल. म्हणून त्याच्याकडे लक्ष ठेवणे मित्रांचेच काम आहे. हुडहुडी, अडखळणारे पाय, जड झालेली जीभ, गुंड्या न लावता येणे, उगाच रागावणे किंवा अगदी गप्प होणे, या खुणा ओळखा. हुडहुडी भरलेला माणूस गरम न होताच कापायचा थांबला, तर ते बरे झाल्याचे लक्षण नव्हे. ती धोक्याची घंटा आहे.

अशा वेळी काय करावे, तेही जमाखर्चच सांगतो. प्रत्येक उपाय खर्चाची एकेक वाट बंद करतो किंवा जमा वाढवतो, हे ताडून पाहा.

१. मोठ्या खडकाच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशा बाजूस थांबा. अभिसरण कमी होते.

२. ओले कपडे काढून कोरडे घाला. डोके व मान झाका. वहन आणि बाष्पीभवन कमी होते.

३. खडकावर तसेच बसू नका. खाली पिशवी, दोरी, गवत, जे असेल ते घाला. दगड स्थिर हवेपेक्षा कितीतरी पट उष्णता ओढून घेतो.

४. सर्वांनी एकमेकांना चिकटून बसा आणि वरून प्लॅस्टिकचा मोठा कागद ओढून घ्या. नाकातोंडाशी हवा मात्र खेळती ठेवा. वारा अडतो, ओल अडते आणि एकाची उष्णता दुसऱ्याला मिळते.

५. तो शुद्धीवर असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल, तर गोड खायला व कोमट गोड पेय द्या. शंभर ग्रॅम शेंगदाण्याच्या चिक्कीत सुमारे २,१०० किलोज्यूल ऊर्जा असते. आपल्या वहीत ही जमा किती मोठी आहे, पाहा!

६. हातपाय जोराने चोळू नका, शेकोटीच्या अगदी जवळ नेऊ नका आणि मद्य मुळीच देऊ नका. मद्याने त्वचेकडे रक्त धावते; ऊब आल्यासारखी वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते.

७. बोलणे असंबद्ध झाले असेल, कापणे थांबले असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर त्याला चालवू नका. आडवे निजवून ऊब द्या आणि ताबडतोब मदत बोलवा.

आपला सह्याद्री

इंग्लंडची ही गोष्ट आपल्याला कशाला, असे कोणी विचारील. आपल्याकडे मार्च महिन्यात माळावर गारठून नव्हे, तर उन्हाने जीव कासावीस होतो. हे खरे आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीच्या माथ्यावर जाऊन पाहा. कासच्या पठारासारखे जांभ्या दगडाचे उघडे सडे, हरिश्चंद्रगडाचा विस्तीर्ण माथा, कोकणातून वर उसळणारा वारा, दाट धुके आणि दिवसभर न थांबणारा पाऊस. हवेचे तापमान २० अंशांच्या जवळपास असते. थंडी म्हणावी एवढे ते कमी नाही, म्हणूनच आपण गाफील राहतो. ओल, वारा आणि थकवा ही तिन्ही तेथे हजर असतात आणि मुलांच्या अंगावर बहुधा सुती कपडे असतात. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि अंगाला चिकटून बसते.

आमच्या महाविद्यालयातील मुलांबरोबर पावसाळी सहलींना जाताना मी एक गोष्ट नेहमी पाहतो. मुले कॅमेऱ्याला आणि मोबाइलला प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या घालतात, पण कोरडा सदरा कोणी तसा बांधून आणीत नाही! कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि एक कानटोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घ्यावी आणि चालताना तिला हात लावू नये. ती मुक्कामासाठी किंवा संकटासाठी राखलेली पुंजी आहे. चढताना घाम येऊ लागला की वरचा कपडा काढावा, थांबताच तो पुन्हा घालावा.

आपल्या डोंगरांतले लोक हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले आहेत. धनगराच्या खांद्यावरची घोंगडी लोकरीची असते. लोकरीचा धागा पुष्कळ ओलावा आपल्या पोटात घेतो आणि कुरळा असल्यामुळे भिजल्यावरही थोडीफार हवा अडकवून ठेवतो. भात लावणारी कोकणातली माणसे पाठीवर इरले घेत. ते पाऊस अंगावर येऊ देत नाही, आतली हवा मात्र खेळती ठेवते. प्लॅस्टिकच्या कोंदट रेनकोटात घामाने आतूनच भिजणाऱ्या आपल्याला यातून शिकण्यासारखे आहे.

करून पाहा

सारख्या आकाराच्या तीन काचेच्या बाटल्या घ्या. त्यांत सारखेच, सुमारे ५० अंश तापमानाचे कोमट पाणी भरा. एक बाटली उघडी ठेवा, दुसरीवर कोरडा मोजा चढवा आणि तिसरीवर पाण्यात भिजवून पिळलेला मोजा चढवा. तिन्ही बाटल्या पंख्यासमोर सारख्या अंतरावर ठेवून दर पाच मिनिटांनी तापमापकाने तापमान मोजा आणि आलेख काढा. कोणती बाटली सर्वांत लवकर निवते? मग तिसऱ्या बाटलीवर, ओल्या मोज्यावरूनच, प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून तोच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवा. गारठलेल्या मित्राला द्यायला कोरडे कपडे नसतील तर काय करावे, याचे उत्तर त्या आलेखात सापडेल.

आणि आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. सह्याद्रीच्या माथ्यावर २० अंश तापमानाला भिजलेल्या मुलाचा उष्णतेचा खर्च आपण निम्मा, म्हणजे तासाला ५०० किलोज्यूल धरू. त्याचे वजन ५० किलोग्रॅम आहे. तो थकून एका दगडावर बसला आहे, पोटात अन्न नाही आणि हुडहुडीही भरत नाही. त्याचे तापमान दोन अंशांनी उतरायला किती वेळ लागेल?

(उत्तर: तूट तासाला ५०० − २८८ = २१२ किलोज्यूल. ३५० ÷ २१२ = सुमारे १.६५ तास, म्हणजे १ तास ४० मिनिटे.)

तेवढ्या वेळात पुढे गेलेले मित्र आठ किलोमीटर दूर पोहोचलेले असतील. म्हणून पुढच्या पावसाळ्यात तुम्ही चौघे-पाच जण निघाल, तेव्हा सर्वांत हळू चालणारा कोण हे आधी पाहून ठेवा आणि त्याच्या पावलाने चला.